शाळेच्या बँडमधली झांज

(वसतिगृहाच्या वार्षिक उपकारस्तुती मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मघाशी तुम्ही आत येत असताना फाटकापाशी मुलांनी बँड वाजवला. त्यातला तिसरा तुकडा जरा घसरला, तो माझ्या लक्षात आला आणि मुलांच्याही. संध्याकाळी त्यावर आमचं बोलणं होईल. पण आज मला या बँडबद्दलच बोलायला सांगितलंय. समितीतल्या एका भाऊंनी मागच्या बैठकीत सरळ विचारलं होतं, की सर, मुलांना गणवेश, वह्या, औषधं लागतात हे समजतं, पण ड्रम आणि बिगूल कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर हिशोबाच्या कागदात मला देता आलं नाही, म्हणून गोष्ट सांगतो. ती मला पुरती शोभेशी नाही, हे आधीच कबूल करतो.

मी नगर जिल्ह्यातला. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते. घराजवळच्या देवळात रविवारी पेटी, तबला आणि टाळ असायचे. टिळकांची भजनं आमच्या आजीला पुस्तकाशिवाय यायची, आणि कुणी चाल चुकवली की ती गाणं मध्येच थांबवून पाळकसाहेबांकडे बघायची. त्यामुळे आपल्याला गाणं-बजावणं येतं असा माझा लहानपणापासून समज. १९९१ साली मी सातवीत गेलो आणि शाळेच्या बँडमध्ये नाव दिलं. मला बिगूल हवा होता. कोणाला नको असतो? चकचकीत पितळेचा, उन्हात चमकणारा. बँडचे मास्तर लष्करातून निवृत्त झालेले. नगरला फौजी लोक पुष्कळ. त्यांनी माझे ओठ पाहिले, दात पाहिले, मला चार पावलं चालायला लावलं, आणि माझ्या हातात झांजा दिल्या.

मला रडू आलं होतं. झांज म्हणजे काय, दोन पितळी थाळ्या, आपटल्या की झालं. घरी जाऊन आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "आसाफ काय वाजवायचा, बघ जा शास्त्रात." बघितलं. १ इतिहासाच्या सोळाव्या अध्यायात दावीद राजाने कोशापुढे सेवा करायला जे नेमले, त्यांचा प्रमुख आसाफ, आणि त्याच्याकडे वाद्य कोणतं, तर झांजा. ज्याच्या नावावर बारा स्तोत्रं आहेत, तो माणूस झांजवाला. माझं समाधान झालं नाही, पण तक्रार करायची सोयही राहिली नाही.

झांज वाजवणं सोपं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. दोन्ही थाळ्या समोरासमोर सपाट आपटल्या तर मध्ये हवा कोंडते आणि नुसता थाप्‌ असा मेलेला आवाज येतो. एक थाळी किंचित तिरकी धरायची, कडेकडून घासत न्यायची, मग ती बोलते. आणि बोलली की तिला गप्पही करावं लागतं, लगेच छातीशी धरून. नाहीतर तिचा आवाज पुढच्या चार ठोक्यांवर सांडत राहतो. पण खरं अवघड वेगळंच होतं. बिगूलवाले सतत वाजवतात, ड्रमवाले सतत वाजवतात. झांजवाला सोळा ठोके गप्प उभा असतो आणि सतराव्याला त्याने यायचं असतं. त्या सोळा ठोक्यांत करायचं काय? मी तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या आमच्या घरच्यांना बघायचो.

पंधरा ऑगस्टला मी चौदाव्या ठोक्यालाच झांज वाजवली. मैदानावर सगळी शाळा, पाहुणे, झेंडा. एक साइड ड्रमवाला माझ्यामुळे गोंधळला, त्याच्यामुळे दुसरा, आणि पुढची दहा-बारा पावलं आमचा बँड म्हणजे भांड्यांची गोणी उलटल्यासारखा वाजला. मास्तर मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारलं नाही. संध्याकाळी मला एकट्याला थांबवलं आणि विचारलं, "तू वाजवत नव्हतास तेव्हा बेस ड्रम काय वाजवत होता?" मला सांगता आलं नाही. "बिगूल कुठल्या सुरावर होता?" तेही नाही. मग म्हणाले, "अरे, तू मोजत होतास. मोजणारा चुकतो. ऐकणाऱ्याला मोजावं लागत नाही."

पुढचा महिनाभर त्यांनी मला सरावाला झांजा दिल्याच नाहीत. रिकाम्या हातांनी बँडमध्ये उभं राहायचं आणि माझी जागा आली की फक्त मान हलवायची. मुलं हसायची. पण त्या महिन्यात मला पहिल्यांदा बँड ऐकू आला. तोवर मला फक्त आवाज ऐकू येत होता. साइड ड्रमच्या खालच्या बाजूला तारा असतात, त्यांची ती सरसर. एका ड्रमचं कातडं पावसाळी हवेने सैल झालंय म्हणून तो बाकीच्यांपेक्षा जाड बोलतोय. दुसरा बिगूलवाला वरच्या सुराला नेहमी जरा उशिरा पोचतो. हे सगळं रोजच चालू होतं आणि मी त्याच्या मधोमध उभा होतो.

आठवीत मला साइड ड्रम मिळाला. आधी सहा महिने मोडक्या बाकाच्या फळीवर, दोन काठ्यांनी. उजवा-उजवा, डावा-डावा, इतकं हळू की झोप यावी. मास्तर म्हणायचे, हळू येत नाही आणि जोरात येतं असं कुणी म्हणालं तर त्याला जोरातही येत नाही. नववीत शेवटी बिगूल. बिगुलाला कळ नसते, भोक नसतं, बोटांना काही कामच नाही. एकच नळी, आणि सूर सगळे ओठांच्या ताणातून काढायचे. मिळून पाच सूर कामाचे. पेटीच्या भाषेत सांगायचं तर सा, प, मग वरचा सा, वरचा ग, वरचा प. रे नाही, म नाही, ध नाही, नि नाही. गावात मिरवणुकीला गेलो की लोक सिनेमातलं गाणं मागायचे आणि आम्ही नाही म्हणायचो. त्यांना वाटायचं पोरांना माज आहे. पाच सुरांत काय बसतं तेवढंच वाजवायचं, पण ते नीट वाजवायचं. आज मला वाटतं, ज्याच्याकडे बारा सूर असतात तो एकेका सुराची इतकी काळजी घेत नाही.

मास्तरांची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीत बँड सगळ्यात पुढे आणि मागे तीन-तीनच्या रांगेत तीनशे मुलं असायची. शेवटच्या रांगा लहान वर्गांच्या. दर वर्षी त्यांचे पाय चुकायचे, दर वर्षी वर्गशिक्षक त्यांना ओरडायचे. एकदा मास्तरांनी त्या शिक्षकांना थांबवलं. म्हणाले, "गुरुजी, मागचे चुकत नाहीत. त्यांना जसं ऐकू येतं तसं ते चालताहेत." मग त्यांनी आम्हाला हिशोब करून दाखवला. आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फेरीची लांबी शंभर मीटर. म्हणजे पुढचा ठोका मागच्या मुलाच्या कानात पोचायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. आणि आम्ही चालायचो मिनिटाला १२० पावलांनी, म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. पुढच्यांचा डावा पाय उचलायची वेळ होते तेव्हा मागच्यांचा नुकता पडत असतो. पुढच्या वर्षी मास्तरांनी बँड फेरीच्या मधोमध घेतला. अर्धी मुलं पुढे, अर्धी मागे. पाय पुष्कळ जुळले. पाहुण्यांना ते काही आवडलं नाही, बँड पुढेच शोभतो म्हणाले.

दहावी झाली, बँड संपला. पुढचं थोडक्यात सांगतो. पुण्यात समाजकार्याचं शिक्षण, मग थिऑलॉजीचा डिप्लोमा, लग्न, आणि २००९ साली डहाणू तालुक्यातल्या या डोंगरपट्टीत वसतिगृहाचं काम. मुलं बहुतेक वारली, काही कोकणा, काही काथोडी. २०१३ मध्ये पुण्याच्या एका मंडळीने वाद्यांचा संच पाठवला: चार साइड ड्रम, एक बेस ड्रम, सहा बिगूल, दोन जोड झांजा, एक त्रिकोण. त्या मंडळीतले काही जण आज इथे बसले आहेत. खोकी उघडली त्या रात्री मला झोप आली नाही. मला वाटलं, जे मला मिळालं ते मी आता या मुलांना देणार. हे वाक्य मी तेव्हा प्रार्थनेतही बोललो होतो. आता त्यातला "मी देणार" हा भाग मला बोचतो.

दुसऱ्या वर्षी सातवीतला एक मुलगा बेस ड्रमवर घेतला. त्याचं नाव सांगत नाही. अंगाने दणकट, हात मोकळा, आवाज छान काढायचा. पण चाल धरेना. बेस ड्रम म्हणजे बँडचं काळीज. प्रत्येक ठोक्यावर डावा पाय पडतो. तो हलला तर सगळंच हललं. हा मुलगा चार-पाच ओळी बरोबर वाजवायचा आणि मग मध्येच अर्धा ठोका थांबायचा. पुन्हा चालू. पुन्हा थांबायचा. मी टाळ्या वाजवून दाखवलं, घड्याळ लावलं, त्याच्या शेजारी चालून दाखवलं. मोजायला सांगितलं. हो, मोजायलाच सांगितलं, ज्या गोष्टीवरून माझ्या मास्तरांनी मला थांबवलं होतं. तो मोजायचा आणि थांबायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी जिल्ह्याच्या एका कार्यक्रमाची तयारी चालू होती. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा नवा जिल्हा झाला होता, त्यामुळे त्या वर्षी कार्यक्रमांना तोटा नव्हता. सरावात तो तिसऱ्यांदा थांबला आणि मी सगळ्या मुलांसमोर त्याच्या हातातली काठी काढून घेतली. म्हणालो, "तुझ्यात तालच नाही. तू राहू दे." त्याने पट्टा खांद्यावरून उतरवला, ड्रम नीट भिंतीला टेकवून ठेवला आणि गेला. दुसऱ्या मुलाने वाजवलं, कार्यक्रम ठीक झाला, लोकांनी टाळ्या दिल्या. मी विसरूनही गेलो.

सुट्टी संपली, हा परत आला नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर काही मुलं परत येत नाहीत, ते तुम्हाला ठाऊक आहे. घरातले सगळे भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर जातात, पोरांना मागे ठेवायला कुणी नसतं. मी धरून चाललो की याचंही तसंच. आठवडाभर वाट पाहिली आणि त्याच्या पाड्यावर गेलो. एसटी थांब्यापासून दीड तास चाल. पोचेपर्यंत दिवस बुडाला होता.

घरचे कुठेही गेले नव्हते. खळ्यावर भात झोडून झालेलं, पेंढ्याच्या उडव्या लागलेल्या, आणि पलीकडे मोकळ्या जागेत तारपा चालू होता. तुमच्यापैकी शहरातल्या काहींनी तो चित्रातच पाहिला असेल. जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांमुळे तो जगभर गेला. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा मधोमध उभा. त्याच्याभोवती बाया-माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून गोल, साखळीसारखी, सापाच्या वेटोळ्यासारखी फिरतात. तारप्याला पाठ कुणी दाखवत नाही.

वाजवत होता तो माझ्या मुलाचा आजा. आणि मुलगा साखळीत होता.

मला हसत-हसत साखळीत ओढलं. माझा विचार असा, की चार वर्षं बँडमध्ये काढलेला माणूस मी, पाय टाकायला काय लागतं? मी ठोका शोधू लागलो. तिथे ठोकाच नव्हता. म्हणजे माझ्या ओळखीचा नव्हता. पाय आपटत होते, सगळ्यांचे बरोबर एका वेळी आपटत होते, पण तो क्षण कुठून येतोय ते मला सापडेना. मी डावीकडच्या बाईच्या पायाकडे बघून पाय टाकायचो, तोवर ते पुढे गेलेले. दोनदा तिच्या पायावर पाय दिला. लहान पोरं ओरडून हसली. माझा तो मुलगा मात्र हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

मधल्या विश्रांतीला मी म्हाताऱ्याजवळ बसलो. वारली माणसं लहानमोठ्या सगळ्यांना "तू"च म्हणतात. त्यात अनादर नसतो, हे नव्या मित्रांनी लक्षात घ्यावं. मी विचारलं, बाबा, पाय कधी टाकायचा ते कळतं कसं? तो म्हणाला, "तू पाय बघत व्हतास. पाय काय सांगंल? तारपा सांगतो." मग त्याने मला वाजवून दाखवलं. गालात हवा भरायची, गालांनी ती नळीत ढकलायची, आणि तेवढ्यात नाकाने नवा श्वास घ्यायचा. त्यामुळे आवाज तुटतच नाही. एकदा सुरू केला की लांबच लांब चालू. चाल बदलायची असेल तर सुरातच वळण येतं, ते वळण ऐकून पाय वळतात. मी फुंकून पाहिलं. बिगुलावर पाच सूर काढणाऱ्या माझ्या तोंडातून फक्त थुंकी आणि फुसफुस.

आणि तिथे, म्हाताऱ्याशेजारी उकिडवा बसलेलो असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या बँडमध्ये ठोका बेस ड्रमचा, आणि बिगूल त्याच्या मागे. या मुलाच्या कानाला लहानपणापासून उलटं ठाऊक. फुंकवाद्य सांगतं, आणि पाय, हात, काठी, सगळं त्याच्या मागे जातं. तो बेस ड्रम वाजवताना बिगूल ऐकत होता. आणि आमचे बिगूलवाले दर चार-पाच ओळींनी सगळे मिळून एकदम श्वास घ्यायचे. आवाज तुटायचा. तारपा कधी तुटत नाही. तो तुटला म्हणजे थांबायचं, इतकं साधं त्याला कळत होतं. तो अर्धा ठोका म्हणजे माझ्या बिगूलवाल्यांचा श्वास होता. वीस मुलांत बिगूल खऱ्या अर्थाने ऐकणारा तो एकटाच होता, आणि त्यालाच मी ताल नाही म्हणालो होतो.

"मागचे चुकत नाहीत." मास्तरांचा आवाज मला आठवला तो तिथे.

रात्री त्याच्या आईने जेवायला वाढलं, नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. मी मुलाला विचारलं, का आला नाहीस? तो बोलला नाही. आईने सांगितलं, "सर बोलला, याला काय येत नाय. मंग कशाला यावा?" त्याने ताल नाही हे फक्त बँडपुरतं घेतलंच नव्हतं. अभ्यास, शाळा, वसतिगृह, सगळ्यालाच ते लागू केलं होतं. माझ्या एका वाक्याने एक मुलगा शाळेतून उठला होता, आणि मी वीटभट्टीला दोष देत बसलो होतो. मी त्याची माफी मागितली, आईसमोर आणि आज्यासमोर. त्याला काय बोलावं सुचेना. तो उठून पाणी आणायला गेला.

तो लगेच आला नाही. डिसेंबर कोरडा गेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी गोधडीचं गाठोडं घेऊन फाटकात उभा होता.

मग आम्ही काय केलं ते सांगतो, हे तुमच्यातल्या तरुण गायनमंडळालाही उपयोगी पडेल. पहिलं, बिगूलवाल्यांना एकदम श्वास घ्यायला बंदी केली. सहा जणांच्या तीन जोड्या. एक जोडी श्वास घेते तेव्हा दोन वाजवतात. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. हे मोठ्या बँडमध्ये आणि गायनमंडळांत करतातच, पण मला ते नगरला कधी सुचलं नव्हतं, मला ते त्या पाड्यावर सुचलं. दुसरं, त्या मुलाला मी खरं ते सांगितलं: इथे लोक तुझ्या मागे चालतात, तू त्यांच्या मागे नाही, इथे तारपा तू आहेस. त्याने एकदाच मान हलवली. पुन्हा तो थांबला नाही. तिसरं, रोज सरावाच्या आधी दहा मिनिटं वाद्य न घेता उभं राहणं, जशी मला शिक्षा होती. आम्ही तिला शिक्षा म्हणत नाही. एकाने वाजवायचं, बाकीच्यांनी त्याने काय वाजवलं ते सांगायचं.

२६ जानेवारी २०१५ ला आमची फेरी निघाली, तेव्हा मी बँड मधोमध घेतला. इथल्याही पाहुण्यांना ते आवडलं नाही.

आता एक अवघड भाग, जो टाळणं बरोबर होणार नाही. त्यानंतर मी उत्साहात समितीपुढे मांडलं, की आपल्या उपासनेत तारपा घेऊ या. नगरकडचं उदाहरण दिलं: नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगाच्या, भजनाच्या वळणाने ख्रिस्ताची गीतं लिहिली, आज आमच्याकडे देवळात टाळ वाजले तर कुणाला नवल वाटत नाही. स्तोत्र १५० चाही आधार दिला, तिथे फुंकण्याची, छेडण्याची, आपटण्याची सगळीच वाद्यं आहेत. मला वाटलं, झालं काम.

आमच्या मंडळीचे एक वारली वडीलजन आहेत, वयाने सत्तरीचे. त्यांचे वडील तारपकरी होते. ते शांतपणे म्हणाले, "टिळकानं टाळ घेतला तवा त्याला ठावं व्हतं, टाळ काय बोलतो. तारपा काय बोलतो, तुला ठावं हाय का? मला ठावं हाय. मी त्याच्यातून आलोय." त्यांच्यासाठी त्या सुराशी जुन्या पूजा, जुनी भीती, दारूच्या रात्री जोडलेल्या आहेत. मी एका संध्याकाळी पाहिलेला तारपा आणि त्यांनी पंचवीस वर्षं जगलेला तारपा एक नाही. मी पुन्हा पाय बघत होतो.

तो प्रश्न आजही मिटलेला नाही. उपासनेत आम्ही तारपा घेत नाही. वसतिगृहाच्या अंगणात, भातकापणीनंतर, मुलं नाचतात, आणि ते वडीलजन ओट्यावर बसून बघतात. एकदा मी पाहिलं, त्यांचा अंगठा ओट्याच्या कडेवर चालत होता. मी काही बोललो नाही. आमच्यातल्या तरुणांना हे फार हळू वाटतं, आणि शहरातल्या काही मित्रांना अंगणातलंही चालत नाही, मला तशी पत्रं येतात. त्यांना माझी विनंती एवढीच, की एकदा येऊन त्या ओट्यावर बसा.

१ इतिहासाच्या पंचविसाव्या अध्यायात दावीदाच्या वेळच्या वादकांची शिरगणती आहे: २८८ निष्णात माणसं. शिकत असताना हा अध्याय मी यादी म्हणून ओलांडून गेलो होतो. पण पुढच्याच वचनात आहे, की सेवेच्या पाळ्या ठरवताना त्यांनी सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्याच टाकल्या, लहान असो की मोठा, गुरू असो की शिष्य. निष्णातांच्या यादीत शिष्यही मोजलेला आहे. मी हे मुलांना शिकवतो आणि दरवेळी मला त्या मुलाचा भिंतीला नीट टेकवलेला ड्रम दिसतो. रागावलेला मुलगा ड्रम टाकून जातो. त्याने टेकवून ठेवला होता.

तो आता बोईसरच्या कारखान्यात फिटर आहे. आयटीआय केलं. ज्या शनिवारी पाळी नसते त्या शनिवारी इथे येतो आणि बेस ड्रम शिकवतो. मघाशी तुम्ही येताना ड्रमवर जी मुलगी होती ती त्याची शिष्या. यंदा बँडमध्ये सात मुली आहेत. सुरुवातीला पालक नाही म्हणत होते, आता एकीची आई गणवेशाची इस्त्री बघायला येते. तिसरा तुकडा घसरला तो तिच्यामुळे नाही, हे मी इथेच सांगून टाकतो. दोन बिगूलवाले एकदम श्वास घेऊन गेले. तिने ठोका सोडला नाही.

समितीच्या भाऊंना हिशोबापुरतं सांगायचं, तर दोन साइड ड्रमची वरची पानं बदलायला झाली आहेत आणि एका बिगुलाचं तोंड घरी सोल्डर करून चालवतोय. आकडा कार्यालयात लिहून ठेवलाय. वह्या आणि औषधं त्याच्या आधी, यात माझा वाद नाही.

मुलं मैदानात येऊन उभी राहिली आहेत, मला इथून दिसतंय. ऊन चढतंय आणि पितळ तापतं. ती तुम्हाला तिसरा तुकडा पुन्हा वाजवून दाखवणार म्हणतात. खुर्च्या इथेच राहू द्या, आपण सगळे बाहेर जाऊ.